शिसवाच्या गाभ्यातलं जांभळं

जुनी शिसवी खुर्ची घासायला घेतली की आधी निघतो तो काळेपणा. वर्षानुवर्षांची चपडी, तिच्यात मुरलेली धूळ, हातांचा तेलकटपणा असं सगळं सँडपेपरखाली भुरभुरत खाली पडतं आणि आतून कोरडं, फिकट तपकिरी, पाहून थोडी निराशाच व्हावी असं लाकूड समोर येतं. मग पॉलिशवाला स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा त्यावरून फिरवतो. लाकूड ओलं होताच गडद होतं, त्यात काळ्या-तपकिरी रेघा उमटतात आणि पांढरा बोळा जांभळा होतो. हा रंग कोणी लावलेला नसतो, तो झाडाचा असतो. खुर्ची शंभर वर्षांची असली तरी लाकडाचा ताजा थर उघडा पडला की तो सुटतो.

हा रंग कुठून आला? मुंबईसारख्या दमट, खाऱ्या हवेच्या आणि वाळवीच्या शहरात शिसवाचं सामान तीन-चार पिढ्या कसं टिकलं? ते घडवताना सुताराची पटाशी सारखी बोथट का होत असे? तिन्ही उत्तरं शोधायला झाडाच्या खोडात शिरावं लागतं.

शिसव, शास्त्रीय भाषेत डालबर्जिया लॅटिफोलिया, हे तुरी-मुगाच्या कुळातलं झाड आहे. आपल्या रोजच्या वरणातली तूर आणि आजोबांची आरामखुर्ची यांचं नातं इतकं जवळचं असेल असं वाटत नाही, पण शिसवाची शेंग हातात घेतली की पटतं. शेंग चपटी, पातळ, वाऱ्यावर जाईल अशी हलकी आणि आत एक ते चार बिया. पान संयुक्त, एका देठावर पाच ते सात गोलसर पर्णिका, समोरासमोर न येता आळीपाळीने. कुळाच्या रीतीप्रमाणे शिसवाच्या मुळांवरही गाठी असतात आणि त्यांतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात. सह्याद्रीत, ठाण्या-डहाणूच्या जंगलांत, डांगात, खाली कारवार आणि मलबारात हे झाड सागाच्या सोबतीने वाढतं. सावकाश वाढतं, आणि त्या सावकाशीतच त्याची सगळी करामत आहे.

कुठल्याही मोठ्या झाडाच्या खोडाचा बाहेरचा पट्टाच तेवढा कामावर असतो. त्यातून पाणी वर चढतं आणि त्यातल्या जिवंत पेशींत पिष्ट साठवलेलं असतं. खोड जाड होत जातं तसे जुने थर आत ढकलले जातात. तिथल्या पेशींना मरायचंच असतं, पण मरण्याआधी त्या एक काम उरकतात. साठवलेलं पिष्ट आणि साखर मोडून त्यातून वेगळीच रसायनं तयार करतात. शिसवात लॅटिफोलिन, डालबर्जिओन आणि त्यांची भावंडं बनतात. ही रसायनं पेशींच्या भिंतींत मुरतात, पोकळ्यांत साठतात आणि मग पेशी मरते. बाहेर फिकट पिवळट-पांढरा पट्टा आणि आत जांभळट, तपकिरी, काळ्या रेघांचा गाभा अशी खोडाची सरळ विभागणी होते. गाभा मेलेला असतो, पण झाडाचा बराचसा भार त्याच्यावर असतो आणि तो आतून कुजला तर झाड कोसळण्याचा धोका वाढतो. म्हणून तर पेशींनी त्यात विष भरून ठेवलेलं असतं. शिसवातल्या लॅटिफोलिनचा प्रयोगशाळेत कस लावला गेला, तेव्हा ते वाळवी आणि लाकूड कुजवणारी बुरशी या दोघांनाही रोखतं असं दिसलं.

पॉलिशवाल्याच्या बोळ्यावरचा जांभळा रंग म्हणजे त्या पेशींनी जाता जाता केलेलं शेवटचं काम. झाडाने ही तजवीज आपलं खोड सावरण्यासाठी केली. ते खोड तुटलं, ओंडका झाला, फळ्या निघाल्या, खुर्ची झाली, त्या खुर्चीवर चार पिढ्या बसून गेल्या. तरी रसायनं आपलं काम करतच राहिली. मला या गोष्टीचं आश्चर्य संपत नाही.

याचा पडताळा घरबसल्या घेता येतो. जुन्या शिसवी कपाटाची मागची बाजू, तळाची पट्टी किंवा खणाची आतली कड पाहावी. सुताराने काटकसर केली असेल तर एखाद्या कडेला खोडाच्या बाहेरच्या पट्ट्याची पांढरी धार राहून गेलेली असते. कीड लागलेली असेल तर नेमकी तिथेच. बारीक भोकं, खाली मैद्यासारखं पीठ आणि बोटाने दाबलं तर ढासळणारं लाकूड. तिथून अर्ध्या इंचावर काळा गाभा सुरू होतो आणि भोकं थांबतात. पीठ पाडणाऱ्या या किड्याच्या अळीला पिष्ट लागतं. ते पांढऱ्या पट्ट्यात असतं. गाभ्यातलं पिष्ट झाडाने कधीच मोडून संपवलेलं असतं. किड्याने आखून दिलेली ही सीमारेषा इतकी काटेकोर असते की पेन्सिलीने ओढल्यासारखी वाटावी.

हीच रसायनं सुताराला मात्र त्रास देतात. शिसवाच्या भुशाने कित्येकांना शिंका येतात, कातडीवर पुरळ उठतं. त्याचं कारण डालबर्जिओन. त्यात या लाकडाच्या छिद्रांत कधी कधी चुन्यासारखे पांढरे कण साठलेले असतात. त्यांच्यावरून गेली की पटाशीची धार उतरते. तंतूही एका दिशेने जात नाहीत. एका थरात डावीकडे कलतात, पुढच्या थरात उजवीकडे. रंधा एका बाजूने गुळगुळीत चालतो आणि दोन बोटं पुढे गेला की तंतू उचकटतो. वजनाचं तर विचारूच नका. वाळलेलं शिसव घनमीटरला साधारण ८५० किलो भरतं, साग ६५० च्या आसपास. चार फूट लांब, दोन फूट रुंद, एक इंच जाड असा टेबलाचा नुसता वरचा तुकडा सोळा किलोंचा होतो.

अशा हट्टी लाकडातून मुंबईच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात जाळी कोरली. जाळी हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा. खुर्चीची पाठ, गोल टेबलाचा घेर, फुलदाणीची तिवई, सगळीकडे वेली, पानं, मोर, नाग, कल्पनेतले प्राणी आणि त्यांच्यामधली जागा आरपार कापून काढलेली. आकार युरोपी, कारण गिऱ्हाईक इंग्रज किंवा इंग्रजी थाटाचा दिवाणखाना सजवणारा पारशी शेठ. हात मात्र देशी, आणि त्या हातांत गुजरातेतली लाकूडकोरणीची जुनी परंपरा. फोर्टातल्या मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या नगीनदास मास्टर रोडवर, या कामाची दुकानं होती. १८५१ साली लंडनला भरलेल्या महाप्रदर्शनात मुंबईचं हे शिसवी कोरीव काम मांडलेलं होतं. पुढे जगभरच्या संग्रहालयांत आणि लिलावांत ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ याच नावाने ते ओळखलं जाऊ लागलं. इतकी आरपार जाळी साध्या लाकडात टिकली नसती. बोटभर जाडीची वेलबुट्टी पहिल्याच धक्क्याला मोडली असती. शिसवाचा घट्टपणा आणि एकमेकांत अडकलेले तंतू, म्हणजे ज्यांनी सुताराला छळलं तेच, कोरलेल्या पानाचं टोक शंभर वर्षं धरून ठेवतात. मला स्वतःला हे काम थोडं जास्तच भरगच्च वाटतं. त्याच्या खाचांतली धूळ पुसणाऱ्या माणसाची दया येते. पण एकेका पानामागची मेहनत पाहिली की बोलवत नाही.

हे लाकूड किती मोलाचं, ते सरकारलाही ठाऊक होतं. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने शेतकऱ्याच्या जमिनीवरच्या झाडांचा हक्क शेतकऱ्याकडे जातो असं मानलं, पण १८६५ च्या मोजणी कायद्याआधी जमीनमोजणी पुरी झालेल्या गावांत तीन झाडं त्यातून वगळली. साग, शिसव आणि चंदन. जमीन शेतकऱ्याची, मशागत त्याची, सारा त्याने भरायचा. बांधावरच्या शिसवाला मात्र हात लावायचा नाही. गिरगावातल्या एखाद्या दिवाणखान्यातल्या काळ्या टेबलामागे ठाणे जिल्ह्यातल्या कुणा शेतकऱ्याची ही मुकाट अडवणूकही असू शकते. ते टेबल सुंदर आहे म्हणून ती विसरू नये.

भरीव शिसवी सामान कोणाच्या घरी असे, याबद्दल आठवणींत थोडी भेसळ होते. ते सगळ्या जुन्या मुंबईत नव्हतं. ठाकूरद्वार-गिरगावच्या वाड्यांतली वकील-डॉक्टरांची बिऱ्हाडं, पाठारे प्रभूंची घरं, खोताच्या वाडीतले ईस्ट इंडियनांचे लाकडी जिन्यांचे बंगले, पारशी घरं, हे त्याचं खरं ठिकाण. वेताने विणलेली लांब हातांची आरामखुर्ची, छत्रीचा पलंग, संगमरवरी फरशी बसवलेलं गोल टेबल, बेल्जियन आरशाचं कपाट, पाळणा, झोपाळा, देव्हारा. दादरला हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि मग शिवाजी पार्क वसलं, तेव्हा आवड बदलत होती. नक्षी मागे पडून कडा गोल आणि पाठी साध्या होऊ लागल्या होत्या.

आणि लालबाग-परळ? गिरणी कामगाराच्या दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे पाळीपाळीने झोपायचं, तिथे पलंगच नव्हता तर शिसवी पलंग कुठला? तिथे होती पत्र्याची ट्रंक आणि खुंटीवरचे कपडे. पण शिसव तिथेही पोचलं होतं. लाटण्याच्या रूपाने, कारण शिसवाचं लाटणं जड असतं, पोळीवर आपल्याच वजनाने फिरतं आणि पिठाच्या ओलाव्याने फारसं फुगत नाही. आणि तबल्याच्या रूपाने, कारण शिसवाच्या खोडाचा तबला घुमतो चांगला आणि पुडी ताणण्याचा सगळा जोर सोसतो. चाळीतल्या भजनी मंडळाच्या फडताळात गुंडाळून ठेवलेलं ते खोड फोर्टातल्या जाळीदार खुर्चीच्याच जातीचं होतं. मला ते खुर्चीपेक्षा जवळचं वाटतं.

मुंबईचा पाऊस ही लाकडाची खरी परीक्षा. हवेतला ओलावा वाढला की लाकूड तो पितं आणि फुगतं, हिवाळ्यात सोडतं आणि आक्रसतं. गंमत अशी की लांबीत ते जवळजवळ बदलतच नाही. बदलतं ते रुंदीत. म्हणून जुना सुतार कपाटाचं दार एका अखंड रुंद फळीचं करत नसे. तो चौकट करी आणि आतली फळी चौकटीच्या खाचेत सैल सोडी. आषाढात फळी फुगली तरी तिला जागा असते, माघात आक्रसली तरी फट दिसत नाही. शिसवाची ही हालचाल सागाच्याच तोडीची, म्हणजे बेताची. अडचण दुसरीच होती. गाभ्यातल्या त्या तेलकट रसायनांमुळे सरस नीट धरत नाही. मग सगळा भरवसा सांध्यावर. एका तुकड्याला कुसू काढायचं, दुसऱ्यात त्याच मापाची खाच पाडायची, कुसू खाचेत ठोकून बसवायचं आणि आडवी लाकडी मेख मारायची. वाळवीला हटवणाऱ्या रसायनांनीच सुताराला इतकी काटेकोर सांधेजोड करायला लावली.

शिसवाची एक खूण भिंग घेऊन पाहण्यासारखी आहे. स्वच्छ घासलेला, उभा चिरलेला तुकडा तिरप्या उजेडात धरावा. तंतूंना आडव्या, अतिशय बारीक, समांतर रेषा दिसतात, पाण्यावर वाऱ्याने उठाव्यात तशा. बहुतेक झाडांत पेशी वेड्यावाकड्या उंचीवर रचलेल्या असतात. शिसवात त्या थेट चाळीच्या मजल्यांसारख्या असतात: एका पातळीवर सगळ्या खोल्या सुरू, एका पातळीवर सगळ्या संपलेल्या आणि वर पुढचा मजला. त्या रेषा म्हणजे मजल्यांच्या हद्दी. ही रचना डालबर्जियाच्या अनेक भावंडांत सापडते. तेवढीच पाहून जात ठरत नाही, पण रंग लावलेलं आंब्याचं लाकूड समोर ठेवून कोणी शिसव म्हणत असेल तर हे भिंग उपयोगी पडतं.

फसगतीच्या जागा बऱ्याच आहेत. उत्तरेकडून येणारं, आज दुकानांत ‘शीशम’ म्हणून मिळणारं फर्निचर डालबर्जिया सिस्सूचं असतं. झाड त्याच वंशाचं, लाकूड चांगलं, पण सोनेरी-तपकिरी वळणाचं. शिसवाचा जांभळा त्यात नाही. धोबीतलावच्या १९०४ पासूनच्या कयानीसारख्या इराणी हॉटेलांतल्या काळ्या, गोलाकार पाठीच्या खुर्च्या अनेकांना शिसवी वाटतात. त्या युरोपातल्या बीच झाडाच्या, वाफेवर वाकवलेल्या. ती पद्धत व्हिएन्नाच्या थोनेटने १८५९ च्या खुर्चीने जगभर पोचवली. तिसरी जागा म्हणजे प्लायवर चिकटवलेला शिसवाचा पातळ पापुद्रा. टेबलाच्या कडेला पाहावं. भरीव लाकडात वरच्या रेघा कडेवरून खाली उतरतात आणि टोकाला छिद्रांची दाटी दिसते; पापुद्र्यात रेघा कडेला येऊन तुटतात.

आता त्या कोरड्या, फिकट लाकडाकडे पुन्हा येऊ. चपडी लागताच ते एवढं खोल आणि गडद कसं होतं? घासलेल्या लाकडाचा पृष्ठभाग म्हणजे कापलेल्या पेशींची उघडी तोंडं. त्यांत हवा भरलेली असते. उजेड लाकडातून हवेत, हवेतून लाकडात असा उड्या मारत विखुरतो आणि बराचसा परत येतो, म्हणून लाकूड पांढुरकं दिसतं. लाखेच्या किड्याने बनवलेली चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून चोळली की ती या तोंडांतली हवा हटवते. चपडी आणि लाकूड यांच्यात प्रकाशाचं वागणं पुष्कळसं सारखं असल्याने उजेड न विखुरता आत उतरतो आणि आतले रंग घेऊन परततो. पॉलिशवाला एका वेळी इतका पातळ हात देतो की दिसतही नाही, आणि असे कित्येक हात देतो. चपडीचा शत्रू म्हणजे गरम चहाचा कप. वाफेचा ओलावा थरात शिरला की पांढरं कडं उमटतं. लाकडाला काही झालेलं नसतं. स्पिरिटचा जेमतेम ओला बोळा हलक्या हाताने फिरवला की बहुधा ते जातं.

उन्हापुढे मात्र तो जांभळा हरतो. वर्षानुवर्षांच्या उजेडात जांभळी झाक ओसरून लाकूड गडद तपकिरी होतं. त्यामुळे खिडकीजवळच्या टेबलाचा वरचा भाग आणि खणाची आतली बाजू दोन वेगळ्या झाडांची वाटावी इतकी निराळी दिसते.

दरम्यान या झाडाने जगात आणखी एक कामगिरी केली. गिटारची पाठ आणि बाजू बनवायला ब्राझीलच्या डालबर्जिया नायग्राची ख्याती होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीला ब्राझीलने ओंडके बाहेर पाठवण्यावर बंधनं आणली, तेव्हा अमेरिकेतल्या मार्टिन या नामवंत गिटार कंपनीने १९६९-७० च्या सुमारास आपल्या गिटारींसाठी भारतीय शिसव घेतलं. भजनी मंडळाचा तबला आणि अमेरिकन लोकगायकाची गिटार एकाच जातीच्या झाडातून बोलू लागले. पण मागणी वाढली तसा वंशच धोक्यात आला. भारतीय शिसवाची नोंद जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ म्हणून १९९८ मध्येच झाली होती. २०१६ साली जोहान्सबर्गला भरलेल्या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या ‘साइट्स’ कराराच्या परिषदेत डालबर्जियाचा सारा वंश व्यापार-नियंत्रणाच्या यादीत गेला आणि २ जानेवारी २०१७ पासून तो नियम लागू झाला. नायग्रा तर १९९२ पासूनच सर्वांत कडक यादीत आहे. पुढे २०१९ मध्ये तयार वाद्यांना आणि दहा किलोंपर्यंतच्या तयार मालाला सूट मिळाली. ते दहा किलो एका खेपेत मिळून मोजायचे की नगागणिक, हा हस्तकला कारागिरांच्या पोटाचा प्रश्न भारताने लावून धरला आणि २०२२ च्या पनामा परिषदेत नगागणिक मोजण्याची स्पष्टता आली. ही बंधनं योग्यच आहेत असं माझं मत आहे. ज्या गाभ्याला घडायला माणसाचं अख्खं आयुष्य पुरत नाही, तो बाजाराच्या गतीने काढता येणार नाही. शिसवाला मुळांपासून कोंब फुटतात, त्यामुळे जंगल राखलं तर झाड परत येतं. पण कोंबाला लगेच गाभा नसतो.

म्हणून मुंबईत आधीच घरात असलेलं शिसव आज फार मोलाचं आहे, आणि नेमकं तेच आज घराबाहेर पडतंय. गिरगाव, दादरच्या इमारती पुनर्विकासाला जातात, नव्या घरात भिंतीत बसवलेली कपाटं असतात आणि मग मटन स्ट्रीटच्या चोरबाजारात किंवा ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात पलंगाचे खांब भिंतीला टेकलेले दिसतात. हे पाहून जीव तुटतो, कारण पुष्कळदा कारण एवढंच असतं की ‘एवढं मोठं कपाट लिफ्टमध्ये जाणार नाही’. ते जातं. चाळीच्या अरुंद, वळणाच्या जिन्यावरूनही ते कधी तरी चढवलंच होतं, आणि तेही तुकड्यांत. जुनं मोठं कपाट बहुधा सुटं होतं: वरची कोरीव पट्टी उचलली जाते, दारं बिजागरीतून निघतात, बाजू खाचेतून सुटतात. पलंगाच्या पट्ट्या खांबांतून ओढून काढता येतात. सरसाने चिकटवलेलं नसल्यामुळेच हे जमतं. जाणत्या मिस्त्रीला बोलवावं, उलगडताना प्रत्येक तुकड्याच्या आतल्या बाजूला खडूने खूण करायला सांगावं, हातोडीऐवजी लाकडी मोगरी वापरायला सांगावं, पांढऱ्या कडेला कीड असेल तर तेवढीच पट्टी बदलून घ्यावी, आणि ऑइलपेंट लावायचा आग्रह कोणी केला तर ठाम नकार द्यावा. वेताची बैठक फाटली असेल तर ती विणून देणारे कारागीर अजून आहेत. मग बाविसाव्या मजल्यावर तीच कुसवं त्याच खाचांत बसवता येतात.